ओळ दाखवा

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कोणाचे असेल तर ते रिठदच्या आबाजींचे. आबाजी आमचे शेजारी. वांगी, मिरची आणि सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि बाजाराच्या दिवशी रिसोडला नेऊन विकायचे. त्यांना वाचता येत नव्हते. कागदावर सहीच्या जागी ते अंगठा उठवीत. तरी मला वाचायला त्यांनीच शिकवले, असे मी बी.एस्सी. झाल्यावर कोणाला सांगितले की ऐकणारा हसायचा. अक्षरे मला शाळेतल्या गुरुजींनी शिकवली, त्यांचेही उपकार आहेतच. पण अक्षरे ओळखणे वेगळे आणि वाचणे वेगळे, हे मला आबाजींनी दाखवले.

श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी लागायची. पोथीला दोन माणसे लागतात. एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा. अर्थ सांगायचे काम आबाजींकडे होते. वाचणाऱ्या म्हाताऱ्या बुवांची नजर अधू झाली तेव्हा चौथीत शिकणाऱ्या मला त्यांच्या जागी बसवले. पहिल्या दिवशी मी घोडे सोडल्यासारखा वाचत सुटलो. शाळेत असे वाचले की शाबासकी मिळायची.

"थांब," आबाजी म्हणाले. "काय म्हनलं त्यानं?"

मी तीच ओवी पुन्हा म्हणून दाखवली.

"थे तं त्यानं म्हनलं. तू काय म्हनतो?"

पारावरची माणसे हसली. माझे कान तापले. पण त्या श्रावणाच्या शेवटापर्यंत मला एक ओवी वाचून थांबायची आणि डोक्यात ती आपल्या बोलीत फिरवून बघायची सवय लागली. चौथीनंतर मला शेतावर धाडायचे वडिलांच्या मनात होते. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, दुसऱ्याच्या शेतात सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी होते आणि एक हात वाढला तर त्यांना हवाच होता. आबाजी आमच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "हा पोट्टा वाचून थांबते. भरभर वाचनारे लय पाह्यले म्या. थांबनारा एखादाच राह्यते. त्याले वाशीमले धाड."

वडिलांनी मला वाशीमला धाडले. तिथून अमरावतीला गेलो. पदवी हातात आली ते साल आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाण्याच्या आदले. त्याच जुलैत मी मास्तर झालो.

मानोऱ्याच्या बाजूला एका बाजारगावात लोकांनी नवे हायस्कूल काढले होते. सरकी ठेवायच्या जुन्या गोदामात वर्ग भरत. भिंतींना अजून सरकीच्या तेलाचा वास होता आणि पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज होई की शिकवणे थांबवावे लागे. मला नववीचे सामान्य विज्ञान दिले. नेमणूक एक वर्षाची, तात्पुरती. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, "फेब्रुवारीत तपासणी होईल. साहेबांचा शेरा पाहून मंडळ ठरवेल, तुम्हाले कायम करायचं का घरी पाठवायचं."

घरी पाठवणे म्हणजे काय ते मला नीट कळत होते. आमच्या आळीतून शहरात जाऊन शिकलेला मी पहिलाच. मी वर्षभरात परत आलो असतो, तर पुढच्या प्रत्येक पोराला शाळेतून काढताना लोकांनी माझ्याकडे बोट दाखवले असते. "शिकून काय झालं? थो पाय, सालदाराचा पोरगा सालदारीतच आला." हे वाक्य कोणी बोलले नव्हते तरी मला दिवसरात्र ऐकू येत असे. त्या वर्षी मी खुर्चीवर बसल्याचे मला आठवत नाही. वर्गात फेऱ्या मारायचो, मधल्या सुटीत गोदामाच्या भोवती फेऱ्या मारायचो. मुलांनी मला 'भोवरा' नाव ठेवले होते, हे मला दिवाळीनंतर कळले.

सुरुवातीला मी सगळे मास्तर करत तेच केले. वर्गात एकतीस मुले आणि पुस्तके चार. म्हणून रिवाज असा होता, की मास्तरांनी टिपणे सांगायची, मुलांनी उतरवून घ्यायची, घरी जाऊन घोकायची आणि दुसऱ्या दिवशी एका सुरात म्हणून दाखवायची. सूर लागला की मुले डोलू लागत. पहिले दोन महिने मला वाटले, माझे फार चांगले चालले आहे.

मग सप्टेंबरात एके दिवशी 'ज्वलन' हा पाठ चालू होता. त्या काळच्या आमच्या पुस्तकात वायूंना नवी घडवलेली नावे होती. प्राणवायूला जारक, आणि कोळसा जळून निघणाऱ्या वायूला प्रांगार द्विजारेय. कॉलेजात मी सगळे इंग्रजीत शिकलो होतो. ही नावे मीच आदल्या दिवशी पाठ करून वर्गात जात असे. एका मुलाने उभे राहून सगळे टिपण न चुकता म्हटले, "जारकाच्या अभावी ज्वलन होत नाही." मी सहज विचारले, "तुझ्या आईनं चुलीवर राख टाकली तर काय होईल?"

"विस्तो झाकून राह्यते सर. सकाळी फुकलं का पेटते."

"मग झाकलेला असताना भडकत का नाही?"

 मग मदत म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून टिपण म्हणायला सुरुवात केली.

मी त्याला खाली बसवले. त्या मुलाच्या जागी मला पारावर बसलेला मीच दिसलो. थे तं त्यानं म्हनलं, तू काय म्हनतो?

दुसऱ्या दिवसापासून मी टिपणे बंद केली. वर्गाच्या चार पंगती केल्या, प्रत्येक पंगतीला एक पुस्तक. पंगतीत एकाने एक वाक्य वाचायचे आणि थांबायचे. दुसऱ्याने ते आपल्या बोलीत सांगायचे, घरी आईला सांगतो तसे. पाठ पोथीसारखा चालला आहे हे मुलांच्या लगेच ध्यानात आले. त्यांच्या गावांतही पोथ्या लागतच होत्या. अर्थ सांगणाऱ्याने तर मांडी घालून बसायला सुरुवात केली. ज्या मुलांच्या तोंडून कधी शब्द निघत नसे ती बोलू लागली, कारण बोलायचे होते ते त्यांच्याच बोलीत. "म्हंजे असं का बाप्पा, हवा नसन तं इस्तो मरते. पन राखीतून थोडीशी हवा जाते, म्हनून थो मरत नाई, नुसता जगून राह्यते." हे पुस्तकात नव्हते. त्या मुलाने ते स्वतः काढले होते. मला इतका आनंद झाला, की मी त्या दिवशी गोदामाभोवती फेऱ्या मारल्या त्या घाबरून नव्हत्या.

पण एका तासाला अर्धे पान होत होते. आधी तीन होत. दिवाळीपर्यंत दुसऱ्या शाळांचे अर्धे पुस्तक संपले आणि आम्ही चौथ्या पाठात. मी उरलेली पाने मोजायचो, उरलेले आठवडे मोजायचो, एकाला दुसऱ्याने भागायचो आणि पुन्हा मोजायचो. उत्तर बदलत नसे.

मास्तरांच्या खोलीत शिरलो की गणिताचे मास्तर हात जोडायचे. "या महाराज! आज कोनता अध्याय? आरती कवा हाय, प्रसादाले येतो ना."

हेडमास्तर हसत नसत. ते भले गृहस्थ होते. शाळा टिकवायची ह्या एका काळजीने त्यांचे केस गेले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही करून राह्यले ते वाईट नाही. मले पटते. पण साहेब व्याख्या विचारतील. पोट्ट्यांनी व्याख्या नाही सांगितली तर साहेब असं म्हणणार नाहीत का पोट्टे विचार करून राह्यले. ते म्हणतील मास्तर झोपून राह्यला."

मी हो म्हणालो. दोन दिवस टिपणे सांगितली. तिसऱ्या दिवशी मुलांनी विचारले, "सर, पोथी कवा?" आणि मी पुन्हा पंगती केल्या. माझ्यात ठामपणा होता म्हणून नव्हे. टिपणे सांगताना मला समोर डोलणारी डोकी बघवेनात, एवढेच.

डिसेंबरात बी उगवण्याचा पाठ आला. मला वाटले, हा पाठ दोन तासांत उडेल. शेतकऱ्यांचीच मुले, त्यांना बी काय शिकवायचे! पुस्तकात वाक्य असे होते: 'बीज अंकुरित होण्यास पाणी, हवा व ऊब ह्यांची आवश्यकता असते, मृदा व प्रकाश ह्यांची आवश्यकता नसते.' पहिल्या पंगतीतल्या माळ्याच्या मुलाने ते घडाघडा वाचले. अर्थ सांगणाऱ्याने सांगितला, "बी उगवाले माती पायजे, पानी पायजे, हवा अन् ऊन पायजे." दुसऱ्या पंगतीत तेच. तिसरीत तेच, वर खताचीही भर. मी चार-चारदा वाचायला लावले. डोळे 'आवश्यकता नसते' वाचत होते आणि तोंड 'पायजे' सांगत होते. कोणीही खोटे बोलत नव्हते. लहानपणापासून मातीत बी टाकणाऱ्या मुलांना माती नको हे वाक्य दिसतच नव्हते. त्यांनी पुस्तकाच्या जागी आपले शेत वाचले होते.

चौथ्या पंगतीत तांड्यावरचा एक मुलगा होता. आईबाप दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी गेले की हा मामाजवळ राही आणि तांड्यावरून चालत शाळेत येई. घरची बोली वेगळी, मराठी त्याला शाळेत येऊन शिकावी लागलेली. वर्गात सर्वांत हळू वाचणारा हाच. एकेका शब्दावर बोट ठेवायचा, म्हणून बाकीचे त्याला 'मुंगी' म्हणत. त्या दिवशी त्याने बोट ठेवून वाक्य वाचले, पुन्हा वाचले आणि म्हणाला, "सर, माती नाई पायजे म्हनते."

वर्ग खो खो हसला. माळ्याचा मुलगा ओरडला, "अबे मुंगे, मंग तुया बाप का दगडावर पेरते काय?"

"मले काय माहीत? पुस्तक म्हनते. ओळ पाय ना."

त्याने पुस्तक पुढे सरकवले. माळ्याच्या मुलाने वाकून पाहिले आणि त्याचे हसणे थांबले. मला तेव्हा एक गोष्ट उमगली, जी कोणत्याही कॉलेजात मला कोणी सांगितली नव्हती. ह्या मुलाला प्रत्येक शब्द सारखाच परका होता, म्हणून तो एकही शब्द गाळत नव्हता. बाकीच्यांना सगळे ओळखीचे वाटत होते, म्हणून त्यांनी वाचलेच नव्हते.

मी विचारले, "मटकीला मोड येतात ते मातीत येतात का?"

"थे तं उसळ होय सर," माळ्याचा मुलगा म्हणाला. "मोड येनं येगळं अन् उगवनं येगळं."

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. घरोघरी ओल्या फडक्यात मोड येत होते आणि कोणाच्या मनात ते शेतातल्या बियांजवळ कधी आले नव्हते. आम्ही हरभरे ओल्या फडक्यात बांधून खडूच्या रिकाम्या खोक्यात, अंधारात ठेवले. चौथ्या दिवशी उघडले तेव्हा मुळे बाहेर आली होती. माळ्याच्या मुलाने एक दाणा उचलून किती तरी वेळ उलटसुलट पाहिला.

आमच्या पोथीत एक खोट आहे हे मला त्या पाठाने दाखवले. पोथीचा अर्थ सांगणाऱ्याला कोणी अडवत नसते. तो मनचे घालतो, लोक मान डोलावतात. म्हणून मी प्रत्येक पंगतीत तिसरा माणूस नेमला. त्याचे काम एकच. अर्थ पटला नाही की म्हणायचे, "ओळ दाखवा." अर्थ सांगणाऱ्याने मग त्या ओळीवर बोट ठेवायचे. नाही ठेवता आले तर अर्थ पुन्हा सांगायचा.

हे मुलांना जड गेले. अर्थ सांगणाऱ्याला टोकणे म्हणजे त्यांना थोरामोठ्यांना उलटून बोलल्यासारखे वाटे. एक मुलगा म्हणाला, "पाप लागन सर." मी म्हणालो, "लागलं तर मला लागेल. ओळ मलासुद्धा विचारा." पहिली ओळ मला विचारली ती तांड्यावरच्या मुलानेच. मी काही तरी मनचे बोललो होतो. मला ओळ सापडली नाही आणि मी फळ्यावर लिहिलेले पुसले. त्या दिवशी वर्गाची भीड चेपली.

संक्रांत गेली. आम्ही सहाव्या पाठात. मला झोप नीट लागेना.

फेब्रुवारीत तपासणी आली. साहेब वर्गात आले तेव्हा मुले घरून धुतलेले कपडे घालून, ताठ बसली होती. हेडमास्तर दाराजवळ उभे. साहेबांनी पहिला प्रश्न बी उगवण्यावरच विचारला तेव्हा मला वाटले, देव पावला. माळ्याच्या मुलाने उभे राहून सांगितले, "पाणी, हवा आणि ऊब."

"आणि?" साहेब म्हणाले.

मुलाने बोटांवर तिन्ही गोष्टी पुन्हा मोजल्या.

"सूर्यप्रकाश राहिला," साहेब म्हणाले. "सूर्यप्रकाशाशिवाय बी कसे उगवेल? बैस."

तो बसला. मी खाली पाहत होतो. चौथ्या पंगतीतून आवाज आला, हळू पण स्वच्छ. "ओळ दाखवा साहेब."

पत्र्यावर एक चिमणी नाचत होती, तिच्या पायांचा आवाज मला ऐकू आला. तांड्यावरचा मुलगा उभा होता, दोन्ही हातांत पुस्तक, पान उघडलेले. तो उद्धटपणे बोलला नव्हता. मदत करावी तसे पुस्तक पुढे धरले होते. साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग त्यांनी पुस्तक घेतले. ते वाक्य वाचायला एरवी किती वेळ लागतो? साहेबांनी त्याहून पुष्कळ जास्त वेळ लावला. पुस्तक परत दिले आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न. घनतेची व्याख्या."

घनतेचा पाठ नववा होता. आम्ही तिथवर पोहोचलोच नव्हतो. त्याच्यापुढचाही प्रश्न तसाच. जाताना त्यांनी दारात मला विचारले, "ही ओळ दाखवायची पद्धत ट्रेनिंगला शिकवतात का?"

"नाही साहेब. माझी आहे."

"हं," म्हणाले आणि गेले.

शेरा असा होता: नववीचा विज्ञानाचा अभ्यास बराच मागे, वर्गात शिस्तीचा अभाव, संबंधित शिक्षकाचा खुलासा घ्यावा.

हेडमास्तरांनी मला बोलावले तेव्हा खुलासा त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. मला फक्त आपल्या अक्षरात उतरवून सही करायची होती. 'सदर विद्यार्थ्याने माझ्या सूचनेविरुद्ध जाऊन उद्धट वर्तन केले. त्यास योग्य ती शिक्षा करण्यात येत आहे.' अभ्यास मागे राहण्याचे कारण म्हणून मुलांची गैरहजेरी घातली होती.

"पोराले माफी मागाले लावू, चार दिवस घरी बसवू. मंडळ हे मानून घेईल," ते म्हणाले. "मी तुमच्यासाठी सांगून राह्यलो. मले तुम्ही राह्यले पाहिजे."

ते खरे बोलत होते. आणि मी, लिहायला लाज वाटते, तो मजकूर घरी नेऊन माझ्या अक्षरात उतरवला. सही तेवढी राहिली. कागद खिशात घालून दोन दिवस फिरत होतो. शाळेत, बाजारात, नदीकडे. कागदाची घडी हाताला लागली की चालण्याचा वेग वाढायचा. वडिलांचा चेहरा दिसायचा. आळीतली पोरे दिसायची. चार दिवसांच्या शिक्षेने मुलाचे काय बिघडते, असे मी स्वतःला सांगायचो आणि पुन्हा चालू लागायचो.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तो मुलगा गोदामाच्या मागे मला आडवा आला. माझ्या फेरीत येऊन उभाच राहिला, म्हणून मला थांबावे लागले.

"सर, हेडमास्तर म्हनतेत माफी माग. मागतो मी. मले काई नाई त्याचं."

"बरं."

"पन येक सांगा. थे ओळ होती काय?"

"कोणती?"

"सूर्यप्रकाशाची. पुस्तकात दुसरीकडं कुठं असन, मले सापडली नसन. मी तं हळू वाचतो."

"नव्हती," मी म्हणालो. "कुठंही नव्हती."

"मंग काहून मागू?" त्याने विचारले. तक्रार म्हणून नव्हे. खरोखर त्याला कळत नव्हते आणि मी त्याचा विज्ञानाचा मास्तर होतो.

 घंटा झाली आणि तो वर्गात गेला.

त्याच दुपारी मी मास्तरांच्या खोलीत बसून दुसरा कागद लिहिला. त्या वर्षी बसून केलेले माझे हे पहिलेच काम असावे. लिहिले, की विद्यार्थ्याने जे विचारले ते मी शिकवल्यामुळे आणि माझ्या सूचनेनुसार विचारले. शिस्तीचा भंग झाला असेल तर तो माझा आहे, शिक्षा मला व्हावी. अभ्यास मागे राहिला कारण मुलांना पाठ म्हणता येत होते, वाचता येत नव्हते, आणि आधी वाचणे शिकवावे लागले. खाली सही केली. गणिताच्या मास्तरांनी खांद्यावरून वाचले. मला वाटले आता काही तरी टोचून बोलतील. ते एवढेच म्हणाले, "शाई वाळू द्या, महाराज. घाईत घडी घालसान तं फासटन."

हेडमास्तरांनी कागद वाचला, टेबलाच्या खणात ठेवला आणि ते माझ्याशी पाडव्यापर्यंत कामापुरतेच बोलले. मुलाला त्यांनी पुन्हा माफी मागायला सांगितले नाही. मी राहिलेले पाठ पळत पळत घेतले, सगळे झाले नाहीत. एप्रिलात मंडळ बसले. निर्णय कळला त्याच दिवशी मी रिठदला पत्र टाकले. ते असे होते:

आबाजी, तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. हे पत्र जो कोणी वाचून दाखवत असेल त्याला माझा रामराम. त्यानं एक एक वाक्य वाचून थांबावं, म्हणजे तुम्हाला विचार करायला सवड मिळेल.

मला कायम केलं नाही. घरीही पाठवलं नाही. तात्पुरतं आणखी एक वर्ष दिलं आहे. नववी काढून घेतली आणि सहावी दिली. दादांना तुम्ही समजावून सांगा. मी लिहिलं तर त्यांना वाटेल मी काही लपवतो आहे. मी शाळेत आहे, पगार चालू आहे, पण पुढच्या एप्रिलात हेच सगळं पुन्हा होईल. आळीत कोणी पोराला शाळेतून काढायच्या गोष्टी करत असेल तर त्याला म्हणा, एक वर्ष थांब.

झालं ते असं, की मी पोरांना तुमच्यासारखं वाचायला शिकवलं आणि त्यात माझं एक घातलं. अर्थ सांगणाऱ्याला ओळ विचारायची. माझ्या एका पोरानं ती साहेबालाच विचारली. साहेबाजवळ ओळ नव्हती. मला त्या पोराला खोटं पाडायला सांगितलं होतं. मी अर्धं पाडलं होतं, आबाजी. कागद लिहून झाला होता. सही केली नाही, एवढंच माझं चांगलं.

आणखी एक सांगायचं आहे. मनात आहे ते मी आजवर बोललो नाही. मी वाचायला बसायचो त्या श्रावणात तुम्ही राजाच्या विहिरीची गोष्ट सांगितली होती. दुष्काळात राजानं आपल्या विहिरीला आधी गावातल्या गुरांना पाणी पाजलं आणि मग स्वतः प्यायला, ती. बाया रडल्या होत्या. ती गोष्ट पोथीत नव्हती. वाचत मी होतो, मला माहीत होतं. पोथीत राजा नुसता यज्ञ करतो. मी गप्प बसलो, कारण तुमचा राजा चांगला होता. आणि तुम्हाला कसं विचारणार?

आता मी पोरांना सांगतो, कोणालाही विचारा. मग मला रात्री वाटतं, मी स्वतः एका माणसाला विचारलं नाही आणि ज्याच्यामुळे मी इथवर आलो तोच तो माणूस. तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. गोष्ट तुमची असेल तर तुमची म्हणून सांगायची होती, मी ती तशीच सगळ्यांना सांगितली असती. ती तुम्ही कुठून आणली? तुमच्या आजाकडून की तुमच्याच मनातून? मला रागावू नका, पण कळवा. कळवायला कोणी लिहून देणारा नसेल तर मी सुटीत येतोच आहे, तेव्हा पारावर बसून सांगा.

सहावीची पोरं आज पाहिली. नववीपेक्षाही वाईट वाचतात, श्वास संपला की थांबतात. जूनपासून त्यांना घेऊन बसायचं आहे. पहिल्या दिवशी काय वाचायला द्यावं ते अजून ठरत नाही, आणि तेव्हापासून मी घरात नुसता येरझाऱ्या घालतो आहे.